अननस सोलणारा मालक

दुकानाच्या पाटीवर एक संत्रं होतं. त्याला डोळे होते, दात होते आणि एक हात वर करून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचं. शेठनी हे दात काढणारं संत्रं शहरभर टांगून ठेवलं होतं. पहिलं ज्यूसचं दुकान बरं चाललं म्हणून दुसरं काढलं. दुसरं जेमतेम चाललं म्हणून तिसरं काढलं. तिसरं तोट्यात गेलं, तर तो तोटा भरून काढायला चौथं! हे गणित त्यांना कुठल्या शाळेत शिकवलं होतं, देव जाणे. मग ग्लास लहान झाला, बर्फ वाढला, रसात पाणी आणि पाण्यात साखर आली. गिऱ्हाईक काही दूधखुळं नसतं. ते पाटीवरच्या संत्र्याकडे बघायचं आणि समोरच्या दुकानात जाऊन चहा प्यायचं.

अशा एका दुकानाच्या काउंटरवर वहिनी उभी असायची. ती कुणाचीच सख्खी वहिनी नव्हती. तिचा नवरा शेठच्या याच दुकानांत तिच्या आधीपासून कामाला होता, म्हणून सगळ्यांनी तिला वहिनी करून टाकलं होतं. नवरा कुठे? तर मुख्य स्वयंपाकघरात. सगळ्या दुकानांची फळं पहाटे तिथे सोलली जायची आणि डब्यांत भरून दुकानादुकानांत पोचायची. तो सोलणारा. अननस असो, मोसंबं असो, त्याच्या हातून साल अखंड उतरायची, मध्ये तुटायची म्हणून नाही. त्यावरून त्याला सगळे सालपट म्हणायचे आणि हा बाबा त्यातही खूष. कुणी काही सांगितलं की मान डोलवायची, ही त्याची आयुष्यभराची सवय. वहिनीचं मात्र उलटं. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि नवऱ्यावर ती जीभ जरा जास्तच चालायची.

एक दिवस हा सालपट दुपारी घरी आला तो छाती पुढे काढून. खिशातून कार्डांचा गठ्ठा काढला, त्यातलं एक बायकोच्या हातात ठेवलं आणि खुर्चीत बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. कार्डावर तेच दात काढणारं संत्रं, त्याखाली ह्याचं नाव आणि नावाखाली ‘मालक’.

वहिनीने कार्ड उलटं करून बघितलं. मागे कोरं होतं. कुणी थट्टा केली, असं तिने विचारलं. थट्टा नाही, त्याने सांगितलं. शेठ आता थकलेत, धंद्याचा व्याप त्यांना झेपत नाही, म्हणून त्यांनी विश्वासातल्या माणसाच्या नावावर सगळी कंपनी केली. विश्वासातला माणूस म्हणजे मी. शेठच्या मेहुण्याने कागद आणले होते, मी सह्या केल्या. शेठनी स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, बसा मालक.

“वाचलंत का काय लिहिलं होतं ते?”

“शेठ मला ‘बसा’ म्हणाले गं,” तो म्हणाला. बस, एवढंच. त्याच्या लेखी त्यात सगळं आलं.

आता मालक म्हटल्यावर काय बदललं म्हणता? काही नाही. मालक पहाटे उठायचे, अननस सोलायचे, डबे भरायचे, फरशी पुसायचे. फरक एवढाच की दुपारी हात धुऊन, धुतलेला शर्ट घालून ते शेठच्या केबिनमध्ये जायचे आणि मेहुणा बोट ठेवेल तिथे सही करायचे. पगार तोच. तोही उशिराच. पण साहेबांचा तोरा विचारू नका! जिन्यात शेजारी भेटला की धंद्यातल्या अडचणींवर बोलायचे. वहिनी म्हणायची, नाकाने कांदे सोलायचे तेवढे बाकी राहिले होते, तेही आता सुरू झाले.

शेठचा डाव कळायला फार दिवस लागले नाहीत. मेहुणा एकेका दुकानात फिरला आणि त्याने सगळ्यांना एकच पढवलेलं बोलणं ऐकवलं. जुनी कंपनी संपली, आता मालक नवे. तुम्ही जुन्या कंपनीचा राजीनामा लिहून द्या आणि नव्या कंपनीत नव्याने रुजू व्हा. म्हणजे आजवरची सगळी वर्षं पुसायची, साठलेल्या रजा पुसायच्या, आजारपणाचा पगार, म्हातारपणची पुंजी, सगळं पुसायचं, आणि पांढऱ्या केसांनी उमेदवार म्हणून पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची. तीही दुकान उद्या उघडं राहिलं तर. यंत्र चालवणाऱ्याची दोन बोटं गाजराच्या यंत्रात गेली होती. त्याच्या औषधपाण्याचं काय, असं त्याने विचारलं, तर मेहुणा म्हणाला, नव्या मालकांना विचारा. दुकानाच्या भाड्याचं काय? नव्या मालकांना विचारा. फळवाल्या व्यापाऱ्याचं काय? नव्या मालकांना. आणि नवे मालक तिकडे मोसंब्याची साल काढत बसलेले!

पहिले दोन दिवस लोक हसले. मग हसणं संपलं. यंत्रवाला पट्टी बांधलेला हात घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि सालपटाच्या तोंडावर त्याला शेठचा कुत्रा म्हणाला. सालपटाला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. मालकाशी कुणी असं बोलतं का, असं त्याने घरी येऊन बायकोला विचारलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

राजीनामा वहिनीने लिहून दिला नाही. तिने दिला नाही म्हणून यंत्रवाल्याने दिला नाही, मग बाकीच्यांनीही नाही. सगळे मिळून कामगार कार्यालयात गेले, तक्रार दिली. तिथल्या कारकुनाने तक्रार वाचली, मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते बघितलं, वहिनीचं नाव बघितलं आणि चष्मा काढला. तो भला माणूस होता. त्याने तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. सुनावणीत तुमच्या नवऱ्याने ‘मी मालक, धंदा बुडाला’ असं कबूल केलं की खेळ खलास. कामगारांचं देणं त्याच्या डोक्यावर, दुकानांचं भाडं त्याच्या डोक्यावर, व्यापाऱ्यांची उधारी त्याच्या डोक्यावर. त्याच्याकडे काय आहे? दोन खोल्या. त्या जातील. त्यातून कामगारांना दमडी मिळणार नाही, आणि तरी भागलं नाही तर नवरा आत जाईल. ज्याने हे सगळं केलं तो हात झटकून मोकळा. सुटायचा रस्ता एकच, खरा मालक कोण हे अधिकाऱ्यासमोर सिद्ध झालं पाहिजे. पण कागद तर सगळे पक्के आहेत.

वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. त्या दोन खोल्यांसाठी तिने काउंटरवर उभं राहून पाय सुजवून घेतले होते.

तिने नवऱ्याला समजावलं. तो म्हणाला, शेठ मला बुडवतील होय? मेहुण्याने त्याला सुनावणीत काय बोलायचं ते शिकवून ठेवलं होतं. मी मालक आहे, धंदा बुडाला, माझ्याकडे द्यायला काही नाही. बाकी एक अक्षर नाही. हे झालं की प्रकरण मिटतं, मग शेठ नवी दुकानं काढणार आणि त्यात ह्याला देखरेखीचं काम देणार. वहिनी रडली. त्याने तिला पाणी आणून दिलं. ती भांडली, तिने त्याच्या सात पिढ्यांची अक्कल काढली. त्याने ऐकून घेतलं. तिने अबोला धरला, तर हा गृहस्थ आपला आपण जेवून भांडी घासून झोपला. शेठनी आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय, एवढी साधी गोष्ट ह्याच्या टाळक्यात शिरेना. आणि शिरणार तरी कशी? उभ्या आयुष्यात त्याला कुणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. बायकोनेही नाही.

सुनावणीच्या आधी दोन दिवस दोघं जिना उतरत होती. खालच्या मजल्यावरचा शिंपी दारात उभा होता. त्याने सहज विचारलं, काय हो, तुमची ज्यूसची दुकानं बुडाली म्हणे?

आणि सालपट पेटला. वहिनीने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. कोण म्हणतं बुडाली? आमचं एकही दुकान बुडालेलं नाही! रस चांगला दिला की गिऱ्हाईक परत येतं. यंत्रं उत्तम आहेत, माणसं उत्तम आहेत. थोडी अडचण कुणाला येत नाही? शिंपी बिचारा दोन पावलं मागे सरला. सालपटाचे कान लाल झाले होते.

वहिनी जिन्यातच थांबली. आपला नवरा शेठच्या विरुद्ध कधीच बोलणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. जेलची भीती घातली तरी नाही. पण दुकान बुडालं हे तो स्वतःच्या तोंडाने म्हणू शकत नाही, हे तिला आत्ता कळलं. शेठनी त्याला खोटा खोटा मालक केलं होतं आणि हा वेडा खराखुरा मालक होऊन बसला होता. कागद रंगवताना मेहुण्याने सगळ्याचा विचार केला होता, एवढा सोडून.

सुनावणीच्या सकाळी तिने त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला. त्याला घालायला दिला, कॉलर नीट केली आणि त्याच्यापुढे खुर्ची सरकवून ती स्वतः उभी राहिली.

“बसा मालक,” ती म्हणाली.

त्याला आधी वाटलं, टोमणा आहे. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. तिथे टोमणा दिसला नाही, तेव्हा तो हळूच बसला. मग तिने त्याला सांगितलं की इतके दिवस मी तुम्हाला हसले, माझं चुकलं. दुकानं तुमची आहेत. पण मालकाने भर कचेरीत स्वतःला दिवाळखोर म्हणवून घेणं काही बरं दिसत नाही. माणसं तुमची आहेत, त्यांनी तुमच्याकडे नाही बघायचं तर कुणाकडे? तुम्ही मालक आहात ना, मग मालकासारखं बोला. तो ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून त्याने स्वतःबद्दल एवढं चांगलं कधी ऐकलं नव्हतं.

कामगार कार्यालयाची खोली लांबट होती, दोन पंखे, त्यातला एक बंद. टेबलामागे अधिकारी बाई, शेजारी लिहून घेणारा कारकून, तोच चष्मेवाला. एका बाजूला कामगार दाटीवाटीने उभे, दुसऱ्या बाजूला मेहुणा आणि सालपट. आणि शेठ? ते मागच्या बाकावर पायावर पाय टाकून बसले होते. तुमचं इथे काय काम, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाले, काही नाही, जुना हितचिंतक म्हणून आलोय. निर्लज्जपणाला काही सीमा!

बाईंनी सालपटाला विचारलं, मालक तुम्ही?

“हो. मी मालक.”

मेहुण्याने मान डोलावली. पुढे बोला, असं बाई म्हणाल्या. सालपटाने एकदा मेहुण्याकडे पाहिलं, एकदा कामगारांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्या नजरेला नजर दिली. त्याने घसा साफ केला आणि बोलायला लागला.

दुकानं बुडालेली नाहीत, तो म्हणाला. कुणीतरी उगाच वावड्या उठवल्यात. एकही दुकान बंद होणार नाही. माणसं सगळी राहतील, जुनी वर्षं धरून राहतील, कुणी राजीनामा द्यायचा नाही. यंत्रवाल्याच्या हाताचा खर्च दुकानाचा, कारण यंत्र दुकानाचं. त्या यंत्राची जाळी तुटलीये हे मी स्वतः केबिनमध्ये सांगितलं होतं. मेहुणा त्याचा शर्ट मागून ओढत होता. मालकांनी त्याचा हात झटकला. कामगार आ वासून बघत होते. यंत्रवाल्याला हसावं की रडावं ते कळेना.

मेहुणा उठून म्हणाला, मालकांची तब्येत बरी नाही, पुढची तारीख द्या. बाई म्हणाल्या, मला तर ठणठणीत दिसतायत. मग त्यांनी सालपटाला विचारलं, दुकानातली यंत्रं विकायला काढलीयत असं कामगारांचं म्हणणं आहे, त्याचं काय?

ते खरंच होतं. शेठनी सगळी यंत्रं दुसऱ्या शहरातल्या एकाला विकली होती, विसाराचे आगाऊ पैसे घेऊन खर्चूनही टाकले होते. फक्त मालकाची शेवटची सही राहिली होती.

“एक यंत्र विकायचं नाही,” सालपट म्हणाला. “मी मालक आहे. मी सही करणार नाही. उद्यापासून स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडे राहील.”

मागच्या बाकावरचा पाय खाली आला. शेठ ताडकन उठले. त्यांचं तोंड त्या पाटीवरच्या संत्र्यासारखं झालं होतं, फक्त ते हसत नव्हतं. मेहुणा दोन्ही हातांनी खुणा करत होता, बसा, बसा, पण आता कोण बसतंय!

“अरे, तू मालक? नोकर आहेस तू माझा! अननस सोलणारा! काल नोकर होतास, आजही नोकर आहेस. यंत्रं माझी, दुकानं माझी, पगार तुला मी देतो. तुला कार्ड छापून दिलं म्हणून तू मला किल्ली मागणार? तुझी लायकी काय?”

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, पगार तुम्ही देता? शेठना काय बोलून बसलो ते तोवर कळलं होतं, पण तोंडून सुटलेलं कुठे परत घेता येतं? बाई कारकुनाला म्हणाल्या, यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. नोकर आहेस, तेही लिहा. काल होतास आणि आजही आहेस, तेही. कारकून लिहीतच होता. मेहुणा डोकं धरून बसला.

पुढचं सगळं पटापट झालं. दुकानं, देणी, जुनी वर्षं, सगळ्याला शेठच जबाबदार, अशी नोंद झाली. यंत्रं विकायला मनाई झाली. कामगारांच्या यादीत शेवटी सालपटाचंही नाव घातलं गेलं. कसल्या आधारावर, असं मेहुण्याने क्षीण आवाजात विचारलं, तर बाई म्हणाल्या, तुमच्या भावोजींच्या आधारावर. भांडण अजून संपलं नव्हतं, शेठ वरच्या कचेरीत धाव घेणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वहिनीचा जीव भांड्यात पडला. खोल्या वाचल्या होत्या. नवरा वाचला होता.

बाहेरच्या व्हरांड्यात लोकांनी सालपटाला घेरलं. काय डाव टाकलात मालक! शेठला त्यांच्याच तोंडाने बोलायला लावलंत! यंत्रवाल्याने बऱ्या हाताने त्याची पाठ थोपटली, त्या दिवशी बोललो ते विसरा म्हणाला. प्रत्येकाला वाटत होतं, हे त्याने ठरवून केलं. सालपट हसत होता, मान डोलावत होता, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. घोळक्यातून वाट काढून तो जिन्याने खाली आला. वहिनी मागोमाग आली. खाली सायकली लावायच्या जागेपाशी तो थांबला.

“शेठ असं म्हणतील, हे तुला माहीत होतं?”

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. सकाळी किती सहज जमलं होतं. “हो,” ती म्हणाली. “त्याशिवाय तुम्ही सुटला नसतात.”

तो म्हणाला, “त्यांचं काही नाही गं. ते मला मनातून काय समजत होते, ते आज कळलं, बरं झालं. पण सकाळी तू म्हणालीस, तेव्हा मला खरंच वाटलं होतं.”

वहिनीने तोंड उघडलं. शेठला, मेहुण्याला, शिंप्याला, साऱ्या जगाला सुनावायला तिच्याकडे शब्द होते, आत्ता एकही सापडेना. ज्या माणसाला शेठनी एका खुर्चीत फसवलं, त्याला आपणही त्याच खुर्चीत फसवलं, याची तिला लाज वाटली, आणि पुन्हा वेळ आली तर आपण हेच करू, हेही तिला ठाऊक होतं. तिने त्याचा हात धरायला हात पुढे केला. तो तोवर रस्त्याला लागला होता. पहाटे सोलायला जायचं होतं, आणि आज मोसंब्यांच्या गोण्या जास्त आल्या होत्या.